एकोणीस एके

लहानपणी परवचा म्हणताना एकोणिसाच्या पाढ्याची पहिली पायरी मी खणखणीत आवाजात म्हणत असे. 'एकोणीस एके एकोणीस!' 'एकोणीस दुणे अडतीस' लाही आवाज बरा लागे. पुढे मात्र तो हळूहळू घशात उतरे आणि सातावर आलो की खोकला येई. वडिलांना तो खोकला ओळखीचा होता. वाचकहो, त्याच एकोणिसाने साठ वर्षांनी माझ्यावर सूड उगवला, त्याची ही हकीकत. दिवाळीच्या अंकात माणसाने गोडधोड लिहावे, पण या पानावर मी आजवर दुसऱ्यांच्याच फजित्या छापत आलो. एखादी स्वतःची छापायला हरकत नाही.

माझी भाची मुळशीला दिली आहे. जावई हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत. हिंजवडी म्हटले की आपल्याला काचेचे मनोरे आणि मोटारींच्या रांगा दिसतात, पण सरकारदरबारी तीही मुळशी तालुक्यातच आहे. सासरचे मूळ घर मात्र तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याजवळ. समोर आंबेमोहराची खाचरे, मागे डोंगर. सुटी लागली की सगळे तिकडे जातात, आणि मेमध्ये फणसाच्या आमिषाने मीही जातो.

भाचीचा मुलगा यंदा नववीत. मला तो 'मामाआजोबा' म्हणतो. या मेमध्ये ओटीवर बसून तो वहीत नुसते एके लिहीत होता. ११, १११, ११११, असे. 'यातल्या मूळ संख्या कुठल्या ते शोधतोय,' म्हणाला. मूळ संख्या म्हणजे जिला १ ने आणि तिच्या स्वतःखेरीज दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती. २, ३, ५, ७, ११ या मूळ. ९ नव्हे, कारण तीन त्रिक नऊ.

मीही चष्मा लावला. ११ मूळ, यात वाद नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एक्यांनी थोडा घाम काढला, पण तेही फुटले: ४१ गुणिले २७१. सहा एके म्हणजे तीन एक्यांचे दोन गट, म्हणून १११ गुणिले १००१. सात एक्यांनी मात्र दुपार खाल्ली. चार वाजता चहाबरोबर पोराने ओरडून सांगितले, '२३९ गुणिले ४६४९!' मी ताडून पाहिले, बरोबर होते.

आता इथे शहाण्या माणसाने थांबावे. मी शहाणा नसून सदरलेखक आहे. बशीत चहा ओतत मी म्हणालो, 'अरे, हे उघडच आहे. ११ सोडली तर नुसत्या एक्यांची एकही संख्या मूळ नसते. लिहून ठेव.'

त्याने लिहून ठेवले. ऑगस्टमध्ये शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, चांगल्या तीन हात लांबीच्या पुठ्ठ्यावर, तांबड्या शाईने. खाली माझ्या दुर्दैवाने 'मार्गदर्शक: मामाआजोबा' असेही होते. पाहुणे म्हणून आलेल्या एका प्राध्यापकांनी पुठ्ठा वाचला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितले, 'बाळ, एकोणीस एके लिहून बघ. ती मूळ आहे.' त्यांनी ते प्रेमानेच सांगितले असेल, पण भोवती सगळा वर्ग उभा होता.

हे मला भाचीने फोनवर सांगितले. 'मामा, तो गणिताच्या वहीला हात लावत नाही. आणि तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतोय.'

मी फोन ठेवला. जेवताना भाजीत मीठ नव्हते म्हणतात, मला कळले नाही. आमच्या सौभाग्यवतीने एवढेच विचारले, 'कशाला सांगायचं जे आपल्याला ठाऊक नाही ते?' या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचे पंधरा दिवस मी वाचनालयात काढले. कॉलेज सोडल्यापासून न उघडलेली पुस्तके उघडली, जावयाकडून आणखी काही मागवली, आणि गणपतीच्या आधीच्या शनिवारी चांदणी चौकातून मुळशीची वाट धरली. भूगाव, पिरंगुट, पौड. पौड सोडल्यावर असा पाऊस लागला की मोटारीच्या काचेपलीकडे ताम्हिणीचे डोंगर आहेत हे आठवणीनेच मानायचे. घरी पोचलो तेव्हा वीज गेलेली होती.

पोरगा कंदिलाशी बसला होता. मी सरळ सांगितले, 'चूक माझी. प्राध्यापकांचं बरोबर. एकोणीस एके ही मूळ संख्या आहे.'

तो वर न बघता म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणालात, मी मानलं. आता ते आहे म्हणतात, ते पण मानू? फोनला विचारलं, तो पण हो म्हणतो. त्याला तरी कुणी सांगितलं?'

मी माफी मागण्याची तयारी करून गेलो होतो, या प्रश्नाची नव्हे. पण खरे सांगतो, मला बरे वाटले. वहीला हात न लावणाऱ्या मुलाने हा प्रश्न विचारला नसता.

'मग आपणच बघू,' म्हणालो. त्याने वही काढली.

आधी संख्या समोर मांडली: ११,११,११,११,११,११,११,११,१११. हिला कशाने भाग जातो का पाहायचे, तर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे हा सरधोपट मार्ग. ते वर्गमूळ साधारण १०५ कोटी. विषम संख्यांनीच भागायचे, एका भागाकाराला एक मिनिट आणि दिवसाला दहा तास धरले तरी दोन हजार चारशे वर्षे लागतात. पोराने हिशेब केला आणि पहिल्यांदा हसला.

'पण सगळ्यांनी भागायची गरज नाही,' मी म्हणालो. इथे वाचकांनीही कागद घ्यावा. १ ला ३७ ने भागा. ०.०२७०२७०२७ असे तीन-तीन अंक फिरून फिरून येतात. ४१ ने भागा: ०.०२४३९०२४३९, इथे पाच अंकांची फेरी. ३७ ने तीन एके फुटले होते आणि ४१ ने पाच, हा योगायोग नव्हे. ३ चा अपवाद सोडला, तर जी मूळ संख्या एक्यांच्या रांगेला पहिल्यांदा जितक्या एक्यांवर भागते, तितक्याच अंकांची तिची फेरी असते. आणि फेरीचा जुना नियम असा की, तिची लांबी त्या मूळ संख्येतून १ वजा केलेल्या संख्येला नेहमी भागते. ३७ वजा १ म्हणजे ३६, त्याला ३ ने भाग जातो. ४१ वजा १ म्हणजे ४०, त्याला ५ ने.

पोराने लगेच सात एक्यांचे जुने भिडू तपासले. २३९ वजा १ म्हणजे २३८, सात चौतीस. ४६४९ वजा १ म्हणजे ४६४८, त्यालाही सात. 'म्हणजे मेमध्ये मी उगाच सगळ्यांनी भागत बसलो!' तो म्हणाला.

तर एकोणीस एक्यांना भागणारी कुणी संख्या असलीच, तर तिच्यातून १ काढल्यावर एकोणिसाने भाग गेला पाहिजे. ती विषम असल्याने दोनानेही गेला पाहिजे. एकोणीस दुणे अडतीस! म्हणजे अडतिसाने भागून १ बाकी उरेल अशाच संख्या संशयित. काम अडतिसाव्या हिश्शावर आले: दोन कोटी सत्त्याहत्तर लाख भागाकार. 'सव्वाशे वर्षं,' पोराने सांगितले. दोन हजार चारशेवरून सव्वाशेवर आलो हे काही कमी नाही, पण त्याच्या इयत्तेच्या मानाने अजून जास्तच होते.

इतक्यात भाचीने भाकरी वाढल्या, आणि जावई हिंजवडीहून भिजत आले. आम्ही काय करतो आहोत ते ऐकून त्यांना त्यांच्या कामाची गोष्ट आठवली. आपण फोनवरून विजेचे बिल भरतो, तेव्हा मधल्या मधे कुणी ते वाचू नये म्हणून जी कुलुपे लावतात, त्यांतल्या एका जुन्या आणि नावाजलेल्या कुलपाच्या पोटात दोन मोठ्या मूळ संख्या असतात. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली हे कुलूप काढले. तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड्यावर ठेवायचा. तो फोडून त्या दोन पुन्हा शोधणे इतके कठीण की चोर थकतो. एक्यांची संख्या मात्र तिथे ठेवीत नाहीत, ती साऱ्या जगाला ठाऊक.

'म्हणजे याचा उपयोग आहे तर,' भाची सुटकेच्या स्वरात म्हणाली.

चुलीपाशी बसलेल्या तिच्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, 'उपयोग नका सांगू बाई. मुंबईच्या उपयोगासाठीच आमच्या आजेसासऱ्यांची शेतं पाण्याखाली गेली. पोराला आवडतंय ना? मग करू दे.'

१९२१ साली इथे सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. धरण झाले, वीज मुंबईला गेली, आणि गावे पाण्यात गेली. त्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आम्ही कंदिलाच्या उजेडात बसलो होतो. कुणी काही बोलले नाही. जावयांनी कंदिलाची वात थोडी वर केली.

जेवणानंतर मी खरा डाव काढला. मुलगी द्यायची असली की आपण मुलाला फार विचारत नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे चौकशी करतो. मोठ्या संख्येचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये फर्मा नावाचा एक वकील होऊन गेला, गणित त्याचा फावल्या वेळचा उद्योग. १६४० साली त्याने एक नियम सांगितला: संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या, त्या मूळ संख्येहून एकाने कमी इतक्या वेळा तिला स्वतःशी गुणा आणि मूळ संख्येने भागा. बाकी १ उरते. २ चा सहावा घात ६४, त्याला ७ ने भागले की बाकी १.

'मग झालं की! हेच एकोणीस एक्यांना लावा.'

'थांब. सोंगं घेणारे असतात. ३४१ ही ११ गुणिले ३१ आहे, मूळ नाही. पण २ घेऊन परीक्षा केली तर तीही १ बाकी दाखवते.'

पोरगा गंभीर झाला. पुठ्ठ्यावरची तांबडी शाई त्याला आठवली असावी. मलाही आठवली.

सोंग ओळखायची युक्ती ल्यूका या दुसऱ्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात दिली आणि पुढच्यांनी ती घासूनपुसून घेतली. संख्येच्या आधीचा शेजारी, म्हणजे तिच्याहून एकाने लहान असलेली संख्या, पुरती फोडून घ्यायची. तिचे जे मूळ अवयव मिळतील त्यांतल्या एकेकाने तो मोठा घात लहान करून पुन्हा परीक्षा घ्यायची. पूर्ण घाताला १ बाकी आली आणि लहान केलेल्या एकाही घाताला आली नाही, तर संख्या मूळच. मग 'बहुधा' नाही, शपथेवर मूळ. एखाद्या अवयवापाशी अडले तर २ च्या जागी दुसरी संख्या घेऊन बघायची मुभा आहे.

आणि आमच्या वराचा शेजारी कोण? एकोणीस एक्यांतून १ काढा: अठरा एके आणि पुढे शून्य! अठरा ही मोठी गुणी संख्या, तिचे गट पडतात. अठरा एके म्हणजे नऊ एके गुणिले १,००,००,००,००१. नऊ एके म्हणजे १११ गुणिले १००१००१. पोराने वही ओढून घेतली. १११ चे ३ आणि ३७. १००१००१ चे ३ आणि ३३३६६७. उरलेल्या मोठ्या संख्येतून मी त्याला १००१ काढून दिला, त्याचे ७, ११ आणि १३. मागे राहिले ९९९००१. त्याला सात मिनिटे लागली. '१९ गुणिले ५२५७९. मामाआजोबा, इथे पण एकोणीस!'

५२५७९ पुढे फुटत नाही हे त्याने माझ्या शब्दावर मानले नाही. २२९ पर्यंतच्या पन्नासही मूळ संख्यांनी भागून पाहिले. मी तेवढ्यात एक डुलकी काढली.

मग तो आपल्या आपणच एक्यांचे वर्ग करीत बसला: १२१, १२३२१, १२३४३२१. पायऱ्या चढून उतरल्यासारखे. त्यावरून मी त्याला आपल्या कापरेकर मास्तरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि पुढे १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना अशा संख्या सुचल्या, म्हणून त्यांनी त्यांचे नाव 'डेम्लो संख्या' ठेवले. गाडीची वाट बघताना आपण फलाटावर पानवाल्याशी बोलतो. हे गृहस्थ एक्यांशी बोलत होते. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करा, उत्तराला पुन्हा तेच करा. सात वेळांच्या आत ६१७४ वर येऊन थांबता, हेही त्यांचेच. मोठ्या गणित्यांतल्या बऱ्याच जणांना हा पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेच्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते.

'ते शाळेत शिकवायचे?' एवढेच पोराने विचारले. मी हो म्हणालो. तो बराच वेळ पायऱ्या चढत-उतरत राहिला.

एकोणीस एके विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूळ ठरले, संगणकाचे नाव नव्हते तेव्हा. तेवीस एकेही मूळ आहेत. त्यानंतर थेट ३१७ एके, मग १०३१. त्यापुढची कथा मला सांगायची नव्हती, पण सांगितली. ४९,०८१ एक्यांची संख्या १९९९ साली मूळ असावी असे दिसले. सगळ्या परीक्षांतून ती पार पडत होती, पण शपथेवर सांगण्याजोगा पुरावा नव्हता. तो २०२२ साली मिळाला.

'तेवीस वर्षं ते बहुधा, बहुधा म्हणत होते?'

'हो.'

'आणि तुम्ही सात एके बघून कधीच नाही म्हणालात.'

'हो,' म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

अशा एक्यांच्या मूळ संख्या संपतात की संपतच नाहीत, हे आजही कुणी सिद्ध केलेले नाही. जावयांनी एक भर घातली ती मला माहीत नव्हती. २०२४ साली ल्यूक ड्युरंट या अमेरिकन तरुणाने त्या वेळेपर्यंतची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. तिचे अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी साडेतेरा हजारांवर पाने लागतील. पण यंत्राच्या भाषेत, जिथे शून्य आणि एक हे दोनच अंक, ती लिहिली तर काय दिसते? नुसती एक्यांची रांग! १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एके. पोराने आईकडे पाहिले, जणू त्याच्या पुठ्ठ्याला कुणी कापरेकरांशेजारी खिळा मारून दिला होता.

शेवटचे घात हाताने होण्यासारखे नव्हते. एकेका परीक्षेला साठेक वेळा एकोणीस अंकी संख्येचा वर्ग करायचा आणि दर वेळी भागून बाकी ठेवायची, अशा अकरा परीक्षा. वीज आल्यावर जावई म्हणाले, 'यंत्राला एका ओळीत विचारलं तर मूळ आहे की नाही ते सांगेल.' पोरगा म्हणाला, 'तेच तर नको. वर्ग मीच करायला लावणार, आणि बाक्या मीच बघणार.'

रविवारी दुपारी मी निघालो. तो पडवीपर्यंत आला, पाया पडला, पण फारसे बोलला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टपालाने वहीचे एक पान आले. वर तांबड्या शाईत: 'एकोणीस एके: मूळ. अकरा परीक्षा झाल्या. तपासले, मी.' मार्गदर्शक म्हणून कुणाचेही नाव नव्हते. खाली पेन्सिलीने पुढचे काम मांडले होते: 'आता तेवीस. त्याचा शेजारी बावीस एके आणि शून्य. बावीस एके म्हणजे अकरा एके गुणिले १,००,००,००,००,००१. अकरा एके मी फोडले: २१६४९ गुणिले ५१३२३९. दुसऱ्याला ११ दोनदा जातो, २३ एकदा जातो. उरतात ३५९३२४४७. हा तुम्ही फोडा. बाविसाने भागून १ बाकी राहील अशाच संख्या घ्यायच्या. का ते तुम्हाला माहीत आहे. फोनला विचारायचं नाही.'

आज सकाळपर्यंत मी ३०८१ पर्यंत आलो आहे. अजून भाग गेलेला नाही. आतून चकलीच्या सोऱ्याचा आवाज येतो आहे, आणि सौभाग्यवती दोनदा हाक मारून गेली.